मेथीचे मोड आणि ई. कोलाय ओ104:एच4 : जर्मनीतील 2011 च्या साथीचा शोध

19 मे 2011 रोजी हँबुर्गच्या आरोग्य खात्याने बर्लिनच्या रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे साथींवर देखरेख ठेवणाऱ्या जर्मनीच्या केंद्रीय संस्थेकडे, मदत मागितली. एकाच दिवशी तीन मुले हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम होऊन रुग्णालयात दाखल झाली होती. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात, प्लेटलेट झपाट्याने घटतात आणि मूत्रपिंडे काम थांबवतात. त्याच्या आधी बहुधा चार-पाच दिवस रक्ताचे जुलाब झालेले असतात आणि त्यामागे शिगा नावाचे विष तयार करणारा ई. कोलाय जंतू असतो. एरवी हा विकार पाच वर्षांखालील मुलांचा समजला जातो. दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटचे पथक हँबुर्गला पोहोचले तेव्हा मात्र वॉर्डात मुलांपेक्षा प्रौढ माणसेच जास्त दिसली, आणि त्यांतही स्त्रियांची संख्या ठळकपणे अधिक होती.

या साथीचा शेवटचा हिशेब असा लागला : केवळ जर्मनीत 3,842 रुग्ण, त्यांपैकी 855 जणांना हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, आणि 53 मृत्यू. सिंड्रोम झालेल्या दर दहा रुग्णांत जवळजवळ नऊ प्रौढ होते आणि दोनतृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या. अन्नातून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा शोध कसा लागतो, तो कुठे फसतो आणि कुठे सावरतो, हे समजून घ्यायचे असेल तर माझ्या मते या प्रकरणाइतके बोलके प्रकरण दुसरे नाही. यात एका पदार्थावर जंतू सापडला आणि तो पदार्थ निर्दोष निघाला, तर दुसऱ्या पदार्थात जंतू निर्विवादपणे कधीच हाती लागला नाही आणि तरीही मूळ तेच ठरले.

जंतूची ओळख

शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायचा प्रयोगशाळेत शोध घ्यायचा म्हणजे अनेक ठिकाणी आजही पहिली भिस्त सॉर्बिटॉल मॅकॉन्की आगर या, जंतू वाढवण्यासाठी काचेच्या प्लेटवर ओतलेल्या माध्यमावर असते. माणसाच्या आतड्यात सुखाने राहणारे साधे ई. कोलाय सॉर्बिटॉल ही साखर पचवतात आणि त्यांच्या वसाहती, म्हणजे एकत्र वाढलेल्या जंतूंचे ठिपके, प्लेटवर गुलाबी उमटतात. ओ157:एच7 हा कुप्रसिद्ध प्रकार ती साखर लवकर पचवू शकत नाही, म्हणून अठरा-वीस तासांनी त्याच्या वसाहती फिक्या, जवळजवळ रंगहीन दिसतात. गुलाबी गर्दीतली अशी फिकी वसाहत शोधायला तंत्रज्ञाची नजर सरावलेली असते. हँबुर्गमधल्या रुग्णांच्या प्लेटवर मात्र सगळ्याच वसाहती गुलाबी होत्या. रुग्णाला रक्ताचे जुलाब होत आहेत, मूत्रपिंडे बंद पडत आहेत आणि प्लेट मात्र 'येथे नेहमीचेच जंतू आहेत' असे सांगते आहे, अशी ही स्थिती होती. जी प्रयोगशाळा केवळ रंगावर विसंबली असती तिने अहवालात 'रोगकारक जंतू आढळला नाही' असेच लिहिले असते, आणि तिच्या नियमावलीप्रमाणे ते चूकही ठरले नसते.

म्हणून रंगाऐवजी विषाचा माग काढावा लागला. जंतूच्या जनुकांत शिगा विष 2 चे जनुक आहे का, हे पीसीआर चाचणीने पाहिले गेले आणि ते मिळाले. म्युन्स्टर विद्यापीठात प्राध्यापक हेल्गे कार्श यांच्या प्रयोगशाळेत सिंड्रोमच्या रुग्णांतून वेगळ्या केलेल्या ई. कोलाय जंतूंचा वर्षानुवर्षे जपलेला संग्रह होता. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर 25 मे रोजी, म्हणजे मदतीची हाक आल्यापासून सहाव्या दिवशी, जंतूचे नाव कळले : ओ104:एच4. याच प्रकाराचा एक जंतू 2001 मध्ये जर्मनीतील एका बाल रुग्णात सापडला होता आणि तो संग्रहात होता. दहा वर्षांपूर्वीच्या एका रुग्णाचा जंतू कुणीतरी नीट खूणपत्र लावून गोठवून ठेवला होता, त्याचा हा उपयोग. अशा संग्रहांसाठी पैसा मागताना प्रयोगशाळांना किती हातापाया पडावे लागते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या तपशिलाचे मोल सांगायला नको.

पुढच्या काही दिवसांत जंतूचे स्वरूप अधिक उलगडले. 2 जूनला हँबुर्ग-एपेनडॉर्फ विद्यापीठ रुग्णालय आणि चीनमधील बीजीआय ही जनुकवाचन करणारी संस्था यांनी मिळून त्याचा जनुकसंच वाचला आणि सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या अभ्यासकांनी लगेच त्यावर काम सुरू केले. हा मुळात आतड्याच्या अस्तराला विटांच्या थरासारखा घट्ट चिकटणाऱ्या ई. कोलायच्या कुळातला जंतू होता. त्याने एका विषाणूमार्फत शिगा विषाचे जनुक मिळवले होते आणि शिवाय अनेक प्रतिजैविकांना दाद न देण्याची शक्तीही कमावली होती. ही शेवटची गोष्ट उपचारासाठी वाईट, पण शोधासाठी सोयीची ठरली. सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविक घातलेल्या माध्यमावर साधे ई. कोलाय वाढत नाहीत आणि हा जंतू वाढतो, त्यामुळे सॉर्बिटॉलच्या प्लेटवर गर्दीत लपलेला आरोपी या दुसऱ्या प्लेटवर एकटा उभा राहू लागला. म्युन्स्टरच्या प्रयोगशाळेने चार खुणा एकाच वेळी तपासणारी पीसीआर पद्धतही तयार करून खुली केली. नमुना कुठलाही असो, रुग्णाच्या शौचाचा वा बाजारातल्या भाजीचा, जंतू 'तोच' आहे का हे त्यानंतर थोड्या वेळात सांगता येऊ लागले. पुढील सारे प्रकरण या 'तोच' शब्दाभोवती फिरते.

काकडी

रुग्णांना काय खाल्ले असे विचारले गेले. हँबुर्गमधील पहिल्या पाहणीत आजारी माणसांनी निरोगी माणसांपेक्षा कच्चे टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पाने अधिक खाल्ल्याचे आढळले आणि 25 मे रोजी उत्तर जर्मनीत या तीन गोष्टी कच्च्या खाऊ नयेत असा सल्ला दिला गेला. हाती असलेल्या माहितीवर तो सल्ला योग्यच होता. चूक दुसऱ्या दिवशी झाली. हँबुर्गच्या बाजारातून घेतलेल्या काकड्यांवर शिगा विष तयार करणारा ई. कोलाय सापडल्याचे 26 मे रोजी जाहीर झाले आणि त्या काकड्यांपैकी तीन स्पेनच्या होत्या. हा जंतू रुग्णांतलाच आहे का, याची खात्री होण्याआधी देशाचे नाव बाहेर पडले.

31 मे रोजी निकाल आला : काकडीवरचा जंतू ओ104:एच4 नव्हता. तो वेगळ्याच प्रकारचा होता आणि त्याचा साथीशी संबंध नव्हता. तोवर स्पेनमधील काढणीला आलेल्या काकड्या शेतातच पडून राहिल्या होत्या, आणि 2 जूनला रशियाने युरोपीय संघातून येणाऱ्या सगळ्याच ताज्या भाज्यांवर बंदी घातली. युरोपीय संघाने शेतकऱ्यांसाठी पुढे 21 कोटी युरोची भरपाई मंजूर केली. गावातल्या विहिरीत विष सापडले म्हणून प्रत्येक विहीर दोषी ठरवता येत नाही, हे कुणीही सांगेल. पण वॉर्डात माणसे मरत असताना, दारात पत्रकार उभे असताना आणि हातात एक 'पॉझिटिव्ह' अहवाल असताना चार-पाच दिवस गप्प बसणे किती कठीण असते, याचीही जाण ठेवायला हवी. त्या निर्णयामागच्या माणसांना दोष देण्याची मला घाई नाही. निर्णयाची रीत मात्र चुकीची होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जगात शिगा विष तयार करणारे ई. कोलाय शेकडो प्रकारचे आहेत आणि पुरेशा भाज्या तपासल्या तर कुठे ना कुठे एखादा सापडणारच.

गोठे

काकडी निर्दोष ठरल्यावर, किंबहुना त्याच्या आधीपासूनच, दुसरा संशय गुरांवर होता. त्याला सबळ कारण होते. ओ157 आणि त्याचे भाऊबंद मुख्यतः गाईगुरांच्या आतड्यात राहतात. गाईच्या आतड्यातील रक्तवाहिन्यांत शिगा विषाला पकडणारा ग्राहक रेणू नसतो, त्यामुळे गाय आजारी पडत नाही, दूध देते, रवंथ करते आणि शेणावाटे जंतू टाकत राहते. माणसात संसर्ग शोधताना आजार आपल्याला बोट धरून नेतो. जनावरात तसा कोणताच इशारा नसतो, म्हणून धडधाकट जनावरांचेच नमुने घ्यावे लागतात. ओ157 शोधायचा तर शेणापेक्षा गुदद्वाराच्या आतल्या कडेवरून फिरवलेला बोळा अधिक खात्रीचा, कारण तो जंतू तेथेच वस्ती करतो. मग तो नमुना पोषक द्रावात वाढवायचा, प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या चुंबकी मण्यांनी हवे ते जंतू ओढून घ्यायचे आणि नंतर प्लेटवर पसरायचे. त्यातही एका कळपातली मोजकी जनावरे इतरांच्या कैक पट जंतू टाकत असतात. ती नमुन्यांत आली नाहीत तर सारा कळप स्वच्छ असल्याचा भास होतो.

उत्तर जर्मनीत, जिथे साथीचा जोर सर्वाधिक होता तेथील गोठ्यांमधून शेणाचे नमुने घेतले गेले. त्यांत ओ104:एच4 सापडला नाही. फ्रान्समध्ये झालेल्या तपासणीतही गुरांत तो आढळला नाही. हे उत्तर नकारार्थी असले तरी फार मोलाचे होते. आतड्याला चिकटून राहणाऱ्या या कुळाचे आश्रयस्थान म्हणून आजवर माणूसच माहीत आहे, त्यामुळे दूषित होण्याचे मूळ शेणखतात नव्हे तर मानवी मैल्यात शोधायला हवे, अशी दिशा यातून मिळाली. माणसाच्या प्रयोगशाळेने आणि पशुवैद्यकाच्या प्रयोगशाळेने एकच जंतू एकाच पद्धतीने तपासला म्हणून हे म्हणता आले. दोघांच्या चाचण्या वेगळ्या असत्या, तर गोठ्यातला नकार आणि वॉर्डातला होकार शेजारी ठेवून काहीही सिद्ध झाले नसते.

ताटात काय होते

आता खरी अडचण. रुग्णांशी पुन्हा सविस्तर बोलणे झाले. 26 रुग्ण आणि त्यांच्याशी वय, लिंग व परिसर जुळणारे 81 निरोगी लोक यांची तुलना केली गेली. त्यात मोड खाल्ल्याचे ज्यांना सांगता आले असे रुग्ण 24 पैकी केवळ 6 निघाले, म्हणजे चारांत एक. निरोगी लोकांपेक्षा हे प्रमाण जास्त होते खरे, पण चारातल्या तीन रुग्णांनी जे खाल्लेच नाही त्याने साथ कशी यावी?

त्यांनी खाल्ले होते, आठवत नव्हते. या आजारात पोटात जंतू गेल्यापासून जुलाब सुरू होईपर्यंत साधारण आठ दिवस जातात, पुढे रुग्णालयात पोहोचून मुलाखत होईपर्यंत आणखी काही दिवस. आपल्याकडे आठवड्यापूर्वीच्या नाश्त्याबद्दल कुणाला विचारले तर तो 'पोहे' म्हणेल. पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीर तो सांगणार नाही, कारण ती त्याच्या लेखी वेगळा पदार्थच नाही. जर्मनीत कच्चे मोड नेमके त्या कोथिंबिरीच्या जागी होते : सॅलडवर चिमूटभर, सॅन्डविचमध्ये पानाखाली, मांसाच्या तुकड्याशेजारी शोभेला.

यावर रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटच्या पथकाने काढलेला उपाय मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्यांनी माणसांच्या स्मरणशक्तीला बाजूला ठेवले आणि स्वयंपाकघरात गेले. ल्युबेकमधील एका उपाहारगृहात मे महिन्यात जेवून गेलेल्या गटांपैकी अनेक जण आजारी पडले होते. जेवणाची बिले, आगाऊ नोंदवलेल्या ऑर्डरी आणि त्या दिवशी पाहुण्यांनी काढलेली छायाचित्रे यांवरून कुणी कोणता पदार्थ घेतला हे ठरवले गेले. मग आचाऱ्यांना विचारले : या पदार्थात काय काय घालता? किती? वरून काय लावता? पाहुण्याला आठवत नव्हते, पण आचाऱ्याच्या हाताला सवय होती. रोज शंभर वेळा उचललेली चिमूट तो विसरणार कशी? 112 पाहुण्यांच्या माहितीत 19 जण आजारी होते, आणि मोड असलेला पदार्थ ज्यांच्या ताटात होता त्यांना आजार होण्याची शक्यता इतरांच्या 8.6 पट निघाली. पुढे दहा गटांचा अभ्यास पूर्ण झाल्यावर हा आकडा 14.2 वर गेला आणि आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या ताटात मोड असल्याचे दिसले. टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पाने या हिशेबात टिकली नाहीत. मोड बहुधा त्यांच्याच सोबत वाढले जात असल्याने पहिल्या पाहणीत त्यांच्यावर आळ आला होता.

त्याच वेळी दुसरे पथक उलट्या दिशेने चालले होते. जिथे जिथे अनेक लोक एकत्र जेवून आजारी पडले अशा 41 ठिकाणांची मालपुरवठ्याची कागदपत्रे जुळवली गेली आणि सगळ्या वाटा लोअर सॅक्सनी राज्यातील बीनेनब्युटेल गावच्या मोड तयार करणाऱ्या एका उत्पादकापाशी येऊन मिळाल्या. 5 जूनला राज्याच्या कृषिमंत्र्यांनी ते जाहीर केले. तेथून घेतलेल्या पहिल्या नमुन्यांत जंतू सापडला नाही, आणि काकडीच्या अनुभवानंतर लोकांनी 'पुन्हा तेच' म्हणून कपाळाला हात लावला. पण या वेळी पुरावा वेगळ्या जातीचा होता, आणि 10 जूनला आरोग्य आणि अन्नसुरक्षा पाहणाऱ्या तीन केंद्रीय संस्थांनी एकत्रितपणे मोडच कारण असल्याचे सांगून काकडी, टोमॅटो व पानांवरचा इशारा मागे घेतला. त्याच दिवशी नॉर्थ राइन-वेस्टफालियातील एका आजारी कुटुंबाच्या कचऱ्यात सापडलेल्या मोडांच्या उघड्या पाकिटात ओ104:एच4 मिळाल्याचेही कळले. पाकीट उघडे असल्याने, जंतू त्यातून घरात आला की घरातून त्यात गेला हे निश्चित सांगता येत नव्हते, म्हणून त्यावर फार भार टाकला गेला नाही. हा संयम काकडीच्या वेळी नव्हता.

बी

कोणते मोड? उत्पादक अनेक प्रकारच्या बियांचे मोड काढत असे. याचे उत्तर जर्मनीबाहेरून आले. 8 जून रोजी फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या बेगल येथे मुलांच्या एका केंद्रात कार्यक्रम झाला. तेथे घरीच काढलेले मेथी, मोहरी आणि रॉकेट या पालेभाजीचे मोड खाद्यपदार्थांवर घातले होते. 24 जूनपर्यंत आठ जण रक्ताच्या जुलाबाने आजारी पडल्याचे समोर आले आणि जंतू तोच, ओ104:एच4, निघाला. बीनेनब्युटेलचे मोड फ्रान्सला गेलेच नव्हते. मग दोन्हीकडे समान काय? मेथीचे बी. 5 जुलैला युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मांडलेल्या अहवालानुसार दोन्ही वाटा इजिप्तमधून आलेल्या, 2009 च्या अखेरीस दमियात बंदरातून निघालेल्या 15,000 किलो मेथीच्या एका खेपेपाशी पोहोचत होत्या. ती अँटवर्प आणि रॉटरडॅममार्गे जर्मनीत आली होती. त्यातील फक्त 75 किलो बी बीनेनब्युटेलला गेले होते. इजिप्तने हा निष्कर्ष नाकारला. युरोपीय संघाने तेथील बियांची आयात थांबवली, आणि 26 जुलैला जर्मनीने साथ संपल्याचे जाहीर केले.

शिल्लक बियांच्या अनेक नमुन्यांत जंतू शोधला गेला. एकदाही सापडला नाही.

याचे कारण ज्याच्या घरी मोड काढले जातात त्याला लगेच पटेल. रात्रभर भिजवलेली कडधान्ये फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी त्या पुरचुंडीला हात लावून पाहावा : ती आतून किंचित उबदार लागते. ओल, ऊब आणि बियांतून पाझरलेली साखर यांवर मोडांबरोबर जंतूही वाढतात, आणि एका किलोत मोजके असलेले जंतू दोन दिवसांत लाखोंनी होऊ शकतात. बी कोरडे असताना ते एखाद्या दाण्याच्या भेगेत निपचित पडून असतात. पंधरा टनांतून काढलेल्या दोन-चार मुठींत तो दाणा येईलच असे नाही. आपण मटकीचे किंवा मेथीचे मोड फोडणी देऊन शिजवतो तेव्हा हे जंतू मरतात. कच्चे मोड सॅलडमध्ये खाण्याची रीत आता आपल्याकडेही रुळते आहे, आणि तिथे मात्र ही सोय उरत नाही.

या साथीनंतर दोन गोष्टी बदलल्या. जर्मनीत स्थानिक आरोग्य कार्यालयातून राज्याकडे आणि तेथून बर्लिनला रुग्णाची नोंद पोहोचायला दिवसच्या दिवस लागत होते. मेच्या सुरुवातीपासून रुग्ण आजारी पडत असताना पहिली हाक 19 मेला आली, त्यामागचे एक कारण तेच. 2013 मध्ये कायदा बदलून ही नोंद पुढच्या कामाच्या दिवशी वर पाठवणे बंधनकारक झाले. दुसरा बदल मोडांच्या तपासणीत झाला. युरोपीय संघाने 2013 मध्ये नियम केला की 25 ग्रॅम मोडांत ओ157, ओ26, ओ103, ओ111, ओ145 आणि ओ104:एच4 हे सहा प्रकार आढळता कामा नयेत. बियांची नवी खेप आली की उत्पादकाने तिच्या वजनाच्या निदान 0.5 टक्के इतका नमुना, 50-50 ग्रॅमचे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून काढून, घ्यायचा. पण तो तसाच प्रयोगशाळेत पाठवायचा नाही. उरलेली खेप ज्या परिस्थितीत रुजवली जाणार त्याच परिस्थितीत त्या बियांना आधी मोड आणायचे, आणि 48 तासांच्या आत नमुना काढायचा नाही. मग त्या मोडांत किंवा त्यांच्यातून निथळलेल्या पाण्यात जंतू शोधायचा.